वामनकाकांचं बिनकामाचं रेझिस्टर

"सेनगावचे काका आले वाटतं. चला, सगळे वर सरका."

हेडफोनमध्ये मी हे स्पष्ट ऐकलं. ते ज्यांच्याबद्दल होतं ते वामनकाका नुकतीच हवेत हाक मारून, माइक बाजूला ठेवून, बशीतला चहा फुंकत माझ्या शेजारीच बसले होते. त्यांचे कान मंद झाल्यापासून ऐकायचं काम माझं होतं, बोलायचं त्यांचं. आम्हा दोघांनाही हे सोयीचं होतं.

"काय म्हणून राहिले?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, काका."

"मंग बँडच मेलाय आज."

बँड, म्हणजे आमच्या रेडिओलहरींचा पट्टा, जिवंत होता. राज्यभरातली दहा-बारा हौशी रेडिओवाली मंडळी दर रविवारी सकाळी जमत तशीच आजही जमली होती. फक्त काका आले की पट्ट्यावरची जागा बदलून वरच्या फ्रिक्वेन्सीवर जात होती. तीन रविवार हेच चाललं होतं.

वामनकाका आमचे शेजारी, कॉलेजच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. रविवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून रेडिओसमोर बसत. तिकडून कुणाला दिसणार होतं, देव जाणे. त्यांचा अ‍ॅम्प्लिफायर घरी बांधलेला, मोठ्या काचेच्या ट्यूबचा. ट्यूबच्या आत दोन जाळ्या, ग्रिड आणि स्क्रीन. दोन्हींना मिळणारं व्होल्टेज जरा हललं की आवाज फाटतो आणि शेजारच्या स्टेशनांवर सांडतो. "व्होल्टेज हाललं की इज्जत हालली," असं ते मला रोज ऐकवत. घरही त्यांनी तसंच बांधून ठेवलं होतं. काकूंचा चहा दोन मिनिटं उशिरा आला तरी ते मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटत.

या माणसानं एका दुपारी स्क्रीनच्या सप्लायमधून एक जाडजूड रेझिस्टर कापून काढलं. कारण? "काम काहीच करत न्हाई, नुसतं बसून गरम होतंय. पापड भाजायचा का त्याच्यावर?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझ्यासारखंच हाय बघ. रेडिओचं लायसन येऊन चार महिने झाले, एकदा तरी माइक धरला? इंग्लिश शाळेत तोंड उघडायला मनाई होती का गं?"

मी हसले. मला तेवढंच येतं. रेझिस्टर त्यांनी काकूंच्या रिकाम्या लोणच्याच्या बरणीत टाकलं.

पुढच्याच रविवारपासून ते मोठ्यानं बोलले की स्क्रीनचा करंट दाखवणाऱ्या मीटरचा काटा शून्याच्या खाली जाऊ लागला. काका म्हणाले, "मीटर बिघडलाय," आणि त्यावर काकूंची टिकली चिकटवली. मीटर खरं सांगत होता. मोठ्या आवाजाला स्क्रीनकडून करंट उलटा येतो, आणि व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या रेग्युलेटरला तो परत घेता येत नाही. त्याला वाट देणं हेच त्या बिनकामाच्या रेझिस्टरचं काम. वाट बंद झाली, व्होल्टेज चढलं, इज्जत हलली. लायसनच्या परीक्षेसाठी मी हे पाठ केलं होतं. काकांनीच करून घेतलं होतं.

आता ते मुलाकडे नागपूरला असतात. तिथल्या सोसायटीनं गच्चीवर अँटेनाची तार बांधू दिली नाही. तिथंही कुणाच्या तरी चहाची वेळ मोजत असतील.

पण त्या तिसऱ्या रविवारी त्यांनी माइक पुन्हा उचलला आणि रिकाम्या जागेला सहा वेळा हाक मारली. सहाव्या वेळी ते नेहमीसारखे गरजले नाहीत. "कुणी हाय का?" एवढंच म्हणाले आणि शर्टाची कॉलर नीट केली.

"बरोबर ऐकून राहिली ना?" त्यांनी मला विचारलं.

मी हेडफोन काढला आणि बोलले. त्यांना ऐकू गेलं नाही. म्हणून काकू पीठभरल्या हातांनी दारात येतील एवढ्या मोठ्यानं मी पुन्हा म्हणाले, "काका, तुम्ही आलात की ते पळतात! तुमचा आवाज फाटतोय! बरणीतलं ते रेझिस्टर परत लावा, आणि तोवर माइक मला द्या!"