बिनफुग्याचा रामाजी

नंदनवन वस्तीत गाडीवर वाघ, गरुड, लेकीचं नाव किंवा 'आईचा आशीर्वाद' चिकटवायचा असला, की लोक रामाजीच्या रेडियमच्या दुकानात यायचे. "रेडियमखाली हवेचा एक फुगा दाखवा, मिशी उतरवतो," असं तो बावीस वर्षं म्हणत आला होता, आणि मिशी अजून जागेवर होती.

दुकानाला लागूनच त्याची बायको प्रेमलता संध्याकाळी लंबी रोटी करायची. सैलसर कणीक या हातावरून त्या हातावर झेलत कोपरापर्यंत लांबवायची आणि पालथ्या, तापल्या मडक्यावर अलगद सोडायची. या कलेबद्दल रामाजीचं मत एवढंच, की झणझणीत रश्श्यासोबत बरी लागते.

यंदाच्या मे महिन्यात विक्की आपली बुलेट घेऊन आला. टाकी गोल गरगरीत, आणि तिच्यावर अख्खं काळं रेडियम चढवायचं होतं. रामाजीनं साबणाचं पाणी मारलं, पट्टीनं दाबत नेलं. एक फुगा बसवला की दोन उठायचे. दोन तुकडे वाया गेले.

"काकाजी, टाकीले देवी निघाल्यावानी दिसून राहिलं," विक्की म्हणाला.

"सरका जी," म्हणत प्रेमलता आली. तिसरा तुकडा तिनं दोन्ही हातांवर रोटीसारखा झुलवला, मधोमध टेकवला आणि तळवे दोन्ही अंगांनी उतरवत नेले. झालं. टाकी जणू जन्मापासूनच काळी!

"अरे बाप! काकू!" विक्की ओरडला, आणि रामाजीच्या मिशीला पहिल्यांदा घाम फुटला.

तेव्हापासून गिऱ्हाईक आत शिरलं की रामाजीच्या खांद्यावरून पलीकडं बघायचं. "काकू हायेत का?" हेल्मेटं काकूंकडं, टाक्या काकूंकडं. रामाजीकडं उरल्या नंबरप्लेटा. दुश्मन दुसऱ्या गल्लीतला असला, तर माणूस त्याच्या नावानं बोटं मोडून घरी जेवायला जातो. इथं दुश्मनच वाढायला होता.

ती इकडंतिकडं झाली की तो तिच्या कामावरून नख फिरवायचा. मोहरीएवढा तरी फुगा! नव्हता.

शेवटी एका संध्याकाळी तो सर्वांसमोर म्हणाला, "रोटी टाकाले काय लागते वं? कोणीबी टाकते."

"मंग टाका न. माह्या मडक्याले कायची हरकत?"

विक्कीसकट चारजण जमले. तीन रोट्या फाटल्या. चौथी मडक्यावर बसली आणि फुलू लागली. पण बावीस वर्षांची सवय! फुगा उठला की रामाजीचा हात फडक्यासकट धावायचा. मधून कडेकडं, मधून कडेकडं. सगळे फुगे बसवून त्यानं रोटी उतरवली आणि मिशीला पीळ दिला. "दाखवा एक फुगा!"

विक्कीनं ती हातानं तोडून पाहिली, मग दातानं. "काकाजी, हे खायाचं हाय, का गाडीले लावाचं?"

प्रेमलता हसली नाही. तोंडाला पदर लावून मडक्यामागं वाकली एवढंच. पदर मात्र बराच वेळ हलत होता.

दुसऱ्या दिवशी आणखी एक गोल टाकी आली. रामाजीनं तुकडा कापला, त्याचं एक टोक हातात धरलं. मग हाक मारली, "अवं, हात धुऊन ये. मी हे टोक धरतो."

टाकी आरशासारखी झाली. प्रेमलता कणकेकडं वळली, तसं रामाजीनं कुणी बघत नाही असं पाहून नख फिरवलंच.

"सापडला का जी?" तिनं मागं न बघता विचारलं.