वस्तू हातात

"बेन, जरा भींत तरफ जुओ ने."

साहेब, म्हणजे आमचे ग्रंथपाल, असं रोज म्हणायचे. जितक्या वेळा पासवर्ड टाकायचा, तितक्या वेळा. आवाज गोड, शेवटी 'ने' लावून विनवल्यासारखा. मी खुर्चीवरून उठायची आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. भिंतीला फिकट पिवळा ऑइलपेंट होता, त्याचा एक पोपडा निघाला होता. पाठीमागे साहेबांची बोटं टकटक वाजायची. मग म्हणायचे, "हं, बेसो." मी बसायची.

शाळेत गृहपाठ केला नाही की मास्तर असं उभं करायचे. पण इथे मी शाळकरी पोर नव्हते. सुरतच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजच्या लायब्ररीत कॅटलॉगर होते, बी. लिब. झालेली. राखीव जागेवर लागलेली. हे शेवटचं साहेबांनी पहिल्याच दिवशी सगळ्या स्टाफला सांगून टाकलं होतं. म्हणजे कुणाला विचारायचे कष्ट नकोत.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. परदेशी जर्नलं तोवर बोटीने यायची, महिनोन्महिने उशिरा. मग प्रकाशकांनी तीच इंटरनेटवर द्यायला सुरुवात केली. छापील अंकाची वर्गणी भरली की ऑनलाइन वाचायला पासवर्ड मिळायचा. कॉलेजने त्यासाठी काचेची खोली बांधली, एसी लावला, दसऱ्याला कॉम्प्युटरला हार घालून नारळ फोडला. मोडेम किरकिरत फोन लावायचा आणि जर्नलचं पान पडद्यावर वरून खाली सावकाश उतरायचं. ते बघून त्याचं कार्ड करायचं, हे माझं काम. नाव काय, प्रकाशक कोण, कुठल्या खंडापासून वाचायला मिळतं.

कॅटलॉगिंग शिकवणाऱ्या आमच्या सरांनी एक नियम घोकून घेतला होता. वस्तू हातात असल्याशिवाय कार्ड लिहायचं नाही. ऐकीव माहितीवर नाही, कुणी सांगितलं म्हणूनही नाही. आता ऑनलाइन जर्नलला ना कागद, ना पुठ्ठा, ना शाईचा वास. मग ते आपण स्वतः उघडून बघायचं, पानं उलटायची, हेच त्याला हातात घेणं. मला हे काम फार आवडलं होतं. वाटलं, जिला अंगच नाही अशा वस्तूला कोण विटाळ लावणार?

मूर्ख होते मी.

आमचं घर सुरतेतच, नवागामला. बाबा धुळ्याकडच्या एका खेड्यातून सुरतेला आले ते गावच्या पिठाच्या गिरणीला कंटाळून, असं म्हटलं तरी चालेल. गिरणीत आमचं दळण सगळ्यांत शेवटी. डबा खाली ठेवायचा आणि लांब जाऊन उभं राहायचं. गिरणी इंजिनावर चालायची, पण जात पाळायची. सुरतेत बाबांनी पहिल्या दिवशी पावरलूमवर हात ठेवला आणि कुणी हटकलं नाही. ते सुख त्यांना जन्मभर पुरलं. आम्हा भावंडांना सांगायचे, "आठे मशीन कोनी जात इचारस नही." त्याच भरवशावर त्यांनी मला शिकवलं. मागाच्या खडखडाटाने त्यांचे कान गेले, मग कामही गेलं. घर माझ्या पगारावर आलं. नोकरी अजून कच्ची होती, आणि पक्की करायचा शेरा साहेबांच्या हातात होता.

म्हणून मी भिंतीकडे बघायची. पासवर्ड गुप्तच ठेवतात, त्यात काय, अशी स्वतःची समजूत काढायची.

कीबोर्डवर एक प्लास्टिक असायचं. पातळ, पिवळट पडलेलं, कडा वर वळलेलं. त्यावरून टाइप करायचं म्हणजे बोटं सटकायची, अक्षरं नीट दिसायची नाहीत. मला वाटलं, नवी वस्तू, महागाची वस्तू, धूळ बसत असेल.

लायब्ररीत हेतल नावाची एक मुलगी रोजंदारीवर टाइपिंगला होती. नुकती बारावी झालेली, साहेबांच्या ओळखीतली. मनाने साफ. एका दुपारी साहेब बाहेर गेले होते, आम्ही दोघी जेवणाचे डबे उघडून बसलो होतो. तिने सहज विचारलं.

"दीदी, आपको प्लास्टिक पे टाइप करना फावता है? मेरे से तो होता ही नहीं."

मी म्हटलं, तुलाही त्यावरच करावं लागत असेल ना?

"नहीं तो. सर आपके आने से पहले लगाते हैं. आप जाओ, फिर निकाल देते हैं. मेरे को लगा आपने बोला होगा."

मी विचारलं, आणि पासवर्ड? तो टाकताना तू कुठे बघतेस?

ती हसली. "मेरे को तो मालूम है. सर ने ही लिखवाया."

घास हातातच राहिला. हेतलला काही कळलं नाही, ती लोणच्याची फोड चोखत होती. तिचा राग आला नाही. राग माझा मला आला. इतके दिवस मी त्या प्लास्टिकवर बोटं आपटत होते आणि त्याला धूळ म्हणत होते. उठून बेसिनला गेले, हात धुतले, आणि मग वाटलं, मी का हात धुते आहे?

घरी सांगितलं. माय पोळ्या लाटत होती. तिने लाटणं थांबवलं नाही.

"जाऊ दे वं बाई. पलाष्टिकच शे ना. हात थोडाच जळना?"

तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पगार बंद झाला की चूल कुणाची विझते, हे तिला माहीत होतं. बाबांना ऐकू येत नव्हतं म्हणून त्यांच्या कानाशी जाऊन पुन्हा सगळं सांगितलं, मोठ्याने. शेजारच्या खोल्यांतही गेलं असणार. बाबा म्हणाले, "मंग गावनी गिरणीमा आनि तुना कॉम्प्युटरमा काय फरक ऱ्हायना?"

ते जेवले नाहीत. ज्या एका गोष्टीवर माणूस गाव सोडून आला, ती मी एका वाक्यात मोडली होती. खरं तर मी नाही, साहेबांनी. पण सांगावं मला लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काचेच्या खोलीत गेले, साहेब होतेच. प्लास्टिक आधीच लावलेलं होतं. मोडेम किरकिरून शांत झाला.

"बेन, भींत तरफ जुओ ने."

मी उठले नाही.

"बेन?"

"नहीं जोउं, साहेब."

मग मी कीबोर्डवरचं प्लास्टिक काढलं. कडा धरून, सावकाश. त्याची घडी घातली आणि त्यांच्यासमोर टेबलावर ठेवली.

"एमां शुं खोटुं लागी गयुं?" साहेब म्हणाले, यात वाईट वाटण्यासारखं काय, अशा सुरात. "ए तो धूळ माटे छे."

"धूळ मारा वखते ज आवे छे?" माझ्याच वेळेला?

काचेपलीकडे हेतल उभी होती. तिचं तोंड उतरलं. तिला तेव्हा कळलं असावं. साहेब रागावले नाहीत. ते कधीच रागावायचे नाहीत. नम्रपणे म्हणाले, तुम्ही खाली बाइंडिंगच्या खोलीत बसा, बेन, वरचं हेतल बघेल. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभही जळला नव्हता. त्याला फक्त एसी बसवला होता.

बाइंडिंगची खोली तळघरात. खळीचा वास, जुने अंक, एक बल्ब. मला वाटलं, इथेच सडवणार. पण जर्नलांची कार्डं साहेबांना हवी होतीच, ती करणारं दुसरं कुणी नव्हतं. शिपाई वरून कागद घेऊन आला. हेतलने पडद्यावरची पानं छापून काढली होती. सोबत निरोप, यावरून कार्डं करा. उंटावरून शेळ्या हाकायचा प्रकार.

मी ते कागद तसेच परत पाठवले. सोबत कोरी कार्डं. एकावर लिहिलं: वस्तू हातात नाही.

शिपाई पुन्हा आला. मी पुन्हा परत पाठवले. मग साहेब स्वतः खाली उतरले. पहिल्यांदाच. म्हणाले, पक्की होण्याचा रिपोर्ट लिहायचाय बेन, समजून घ्या. मी म्हटलं, मला मशीनपुढे बसवा. प्लास्टिक नको. पासवर्ड हेतलला सांगितला तसा मलाही सांगा. कार्डं त्याच दिवशी करून देते. ते माझ्याकडे न बघता पायऱ्या चढून गेले.

रिपोर्टमध्ये त्यांनी 'सहकार्याची वृत्ती नाही' असं लिहिलं. नोकरी गेली. मी अर्ज केले, वरपर्यंत गेले, माझ्या अर्जाला कुणी दाद दिली नाही. माय पुढे कित्येक महिने माझ्याशी धड बोलली नाही. घरात डाळ पातळ झाली. बाबांनी मशीनचं ते वाक्य पुन्हा कधी उच्चारलं नाही, आणि त्याचं दुःख मला नोकरीपेक्षा जास्त झालं. ते अजून आहे.

लोक विचारतात, एवढ्याशा प्लास्टिकसाठी? हो. एवढ्याशा प्लास्टिकसाठी. साहेबांना मी माफ केलेलं नाही. करणार नाही. हेतल एकदा बाजारात भेटली, रडली, मी तिला गप्प केलं नाही. रडू दे, म्हटलं.

त्यानंतर बऱ्याच लायब्ऱ्यांत काम केलं. कार्डं गेली, मशिनं बदलली. नव्या जागी गेले की मी आधी भिंत बघते. खुर्ची ओढून भिंतीला पाठ लावते. आता ज्याला माझ्याशी बोलायचंय, त्याने समोर यायचं आणि माझ्या तोंडाकडे बघून बोलायचं.