मामाजींचं पोथीवाचन

ताज्या मेथीचा वास आला की मला अमडापूरच्या आमच्या अंगणातली एक दुपार आठवते. देवळात वर्षानुवर्षं पोथी वाचणाऱ्या माझ्या सासऱ्यांची नजर काचबिंदूने गेली होती. महिनाभर ते खाटेवरून उठले नव्हते, कुणाशी धड बोलले नव्हते. मी जवळच बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत होते. त्यांना बरं वाटावं म्हणून मोबाईलवर त्याच पोथीचं कुणा शहरी माणसाने केलेलं वाचन लावलं. ते डोळे मिटून ऐकत होते. मधेच म्हणाले, "थांबव बरं ते. एक ओवी सोडली त्यानं." सुटलेली ओवी त्यांनी म्हटली, मग पुढची, आणि बघता बघता अख्खा अध्याय. "मामाजी, तुम्हाले तर सारं पाठ आहे," मी म्हणाले. "हाव, मलेच ठाऊक नव्हतं," असं म्हणून त्यांनी काठी मागितली. संध्याकाळी मी त्यांना हात धरून देवळात नेलं. पोथीशिवाय बसले आणि एकदाही अडखळले नाहीत. त्या दिवसापासून मी त्यांचं वाचन मोबाईलवर भरून घेऊ लागले. ते गेले, पण त्यांचा आवाज रोज ऐकत मी ओव्या म्हणायला शिकले. देवळातल्या त्यांच्या जागेवर आता मी बसते.