सिस्टरबाईंची तयारी

परीक्षेची तारीख ठरलेली नसताना, परीक्षक कोण हे माहीत नसताना, वर्षानुवर्षं नेमानं अभ्यास करत राहिलेलं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं, आणि त्या माझ्या घरमालकीण होत्या. गोंदियाला रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून म्हणून लागलो तेव्हा जवळच फुलचूरला त्यांच्या घराची पुढची खोली मी भाड्यानं घेतली. स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. बाई मूळच्या नगरकडच्या. ऐन तारुण्यात नर्स होऊन इकडच्या मिशनच्या दवाखान्यात आल्या, लवकर विधवा झाल्या आणि इथंच राहिल्या. निवृत्त झाल्या तरी सगळं गाव त्यांना सिस्टरबाईच म्हणे. हाड मोडलेल्या माणसाला 'ओरडू नका, मला ऐकू येतं' असं बजावणाऱ्या या बाईंना एकाच गोष्टीची भीती वाटे. त्यांना अनोळखी माणसाला प्रभू येशूबद्दल सांगायचं होतं, आणि ते त्यांच्यानं होत नव्हतं.

हे मला कळलं ते राहायला आल्यावर आठवडाभरात. संध्याकाळी कामावरून परतलो तर बाई दारातच उभ्या. मी पाऊल उचललं तसा त्यांनी हात आडवा केला.

"थांबा. तुम्ही मला ओळखत नाही."

"मी?"

"हो. तुम्ही आमगावचे शेतकरी आहात. स्वभावानं थोडे रागीट." मग त्यांनी पदर सारखा केला, घसा साफ केला आणि हात जोडून विचारलं, "नमस्कार. आपण कुठले?"

"इथलाच, तुमच्या पुढच्या खोलीतला," मी म्हणालो.

"तुम्हाला नीट अनोळखी होता येत नाही," असं म्हणून त्या हिरमुसून आत गेल्या. पण चहा घेऊन लगेच बाहेर आल्या आणि मला अनोळखी व्हायला शिकवू लागल्या. पुढं पुढं मी त्या कामात तरबेज झालो. कधी मी बहिरा म्हातारा असे, कधी घाईत असलेला व्यापारी, कधी वाद घालणारा मास्तर. मास्तर मला फार छान जमे. एकदा मी असे काही प्रश्न काढले की बाई दोन दिवस विचारात पडल्या आणि तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना एकदम म्हणाल्या, "त्या मास्तरांना सांगा, मला माहीत नाही. माहीत नाही म्हणायला हरकत नसावी ना?"

भाषेची तयारी वेगळी. बाईंचं मराठी इस्त्री केलेलं. ते ऐकायला दूध घालणारी यमू होती. पाय पसरून ती अंगणात बसे आणि बाई तिच्यापुढं म्हणत, "प्रभूने आपल्या पापांचा भार स्वतःच्या शिरावर घेतला."

"काऊन?" यमू विचारी.

"आपल्यावर प्रीती होती म्हणून."

"मंग तसं सांगा ना बाप्पा! तुमी तर कागदावानी बोलून राहिल्या."

बाई ते सोपं करून पुन्हा म्हणत. यमूनं मान डोलवली की त्या दिवशीचं दूध पातळ असलं तरी चाले.

माझ्या खोलीत मारुतीची तसबीर होती. झाडताना ती तिरकी झाली तर बाई ती सरळ करत, पण सरळ करताना तिच्याकडे बघत नसत. त्यावरून मी त्यांना चिडवलं, तेव्हा त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमचं तुमच्यापाशी. मला कुणाचं काढून घ्यायचं नाही. माझ्याजवळ आहे ते फक्त सांगायचं आहे. अहो, वर गेल्यावर विचारतील, एवढी माणसं हाताखालून गेली, एकाला तरी सांगितलंस का? मी काय सांगू, ताप मोजत होते म्हणून?" त्या संध्याकाळी मी आपण होऊन बहिरा म्हातारा झालो.

खरी अडचण निराळीच होती. त्यांना अनोळखी माणूस मिळेचना! अर्धं गोंदिया त्यांच्या हातावर जन्मलेलं. एकदा धीर करून त्या स्टेशनवर गेल्या आणि बाकावरच्या एका परक्या दिसणाऱ्या प्रवाशाजवळ जाऊन म्हणाल्या, "मला तुमच्याशी थोडं बोलायचं आहे." त्यानं बाईंची पांढरी साडी पाहिली आणि मुकाट्यानं जीभ बाहेर काढली. "बहुत दिन से बुखार है, सिस्टर," म्हणाला. बाईंनी त्याची नाडी पाहिली, पाणी उकळून प्यायला सांगितलं आणि परत आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातून निळ्या काठाची साडी आणली.

चर्चच्या पाद्रीसाहेबांनी त्यांना वाटायला छापील पत्रकं देऊ केली, ती त्यांनी घेतली नाहीत. कागद हातात कोंबून पळून आल्यासारखं होतं, म्हणाल्या. औषधांची पिशवी बरोबर न्यायचीही त्यांची तयारी नव्हती. त्या दिवसांत कुजबूज फार होती. मिशनवाले गोळ्या देऊन धरम बदलवतात, असं काही लोक तोंडावरही बोलत. बाईंना त्याचा राग येत नसे, पण त्यांनी तेव्हापासून स्वतःला एक नियम घालून घेतला होता. "औषध दिलं की माणूस मिंधा होतो. मिंध्या माणसाला देव सांगू नये. त्याला नाही म्हणता येत नाही."

शेवटी त्यांना कुणी ओळखत नाही असं ठिकाण म्हणून आमगावचा आठवडी बाजार ठरला. पॅसेंजर गाडीनं आम्ही निघालो. गाडीत बाई ओठांतल्या ओठांत सगळं घोकत होत्या. उतरल्यावर त्यांनी मला बजावलं, "तुम्ही लांब उभे राहा. तुम्ही दिसलात की मला मास्तर आठवतो."

मी बांगडीवाल्याच्या पालाजवळ उभा राहिलो. बाजार तुडुंब भरला होता. बाई एका चिंचेखाली गेल्या. तिथं एक म्हातारा शेतकरी लाखोरीच्या डाळीचं पोतं उघडून बसला होता. बाईंनी हात जोडले. तेवढ्यात शेजारच्या कापडवाल्या तरण्यानं मोठ्यांदा विचारलं, "क्यों बाई, धरम बदलने आई क्या?" आजूबाजूची डोकी वळली. बाईंनी जोडलेले हात खाली घेतले. आता त्या मागं वळणार असं वाटून मी पुढं सरकलो. पण त्या तिथंच उभ्या राहिल्या.

"नाही," त्या म्हणाल्या. "बोलायला आले."

"बोलू दे ना रे," म्हातारा त्या पोरावर डाफरला. "बोलल्यानं तुहं कापड आखूड होऊन राहिलं का? बसा बाई." त्यानं गमछ्यानं जागा झटकून दिली.

पुढचं मला ऐकू आलं नाही, दिसलं तेवढंच सांगतो. बाईंनी सुरुवात केली आणि अडखळल्या. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडखळल्या. मग मातीकडे बघत एकदम बोलू लागल्या, हातवारे न करता. म्हाताऱ्यानं काहीतरी विचारलं. बाईंनी नाही म्हणून मान हलवली. त्यानं आणखी काही विचारलं. बाईंनी थोडक्यात उत्तर दिलं. त्यानंतर म्हातारा बोलू लागला आणि बाई ऐकू लागल्या. गिऱ्हाइकं आली नि गेली. परतीच्या गाडीची वेळ झाली तेव्हा मलाच जाऊन त्यांना उठवावं लागलं.

गाडीत मी उतावीळपणे विचारलं, "काय झालं?"

"सगळं विसरले हो," बाई म्हणाल्या. "केलेल्या तयारीतलं एक वाक्य आठवलं नाही."

"मग एवढा वेळ सांगितलंत काय?"

"दुसरंच." एवढं बोलून त्या खिडकीबाहेर बघू लागल्या. धानाच्या बांध्या मागं पळत होत्या. मी पुन्हा विचारलं नाही.

त्या दिवसापासून तयारी बंद झाली. मला घरी येऊन घरी आल्यासारखं वाटायला लागलं, आणि खरं सांगायचं तर थोडं चुकल्याचुकल्यासारखंही. बाई मात्र जमेल त्या बाजाराला आमगावला जात राहिल्या. त्यांच्यामुळं कुणी ख्रिस्ती झाल्याचं मी ऐकलं नाही. पाद्रीसाहेबांनी एकदा माझ्यासमोरच त्यांना विचारलं, किती लोक ऐकतात? बाई म्हणाल्या, "एक जण ऐकतो. कधी कधी मी त्याचं ऐकते."

पुढं माझी बदली झाली. बाईंची पत्रं येत, त्यात प्रकृती जपण्याविषयी सूचना असत. मग ती थांबली. त्या गेल्याचं यमूनं कुणाकडून तरी कळवलं, तेही उशिरा. मातीलाही मला जाता आलं नाही.

त्यानंतर केव्हातरी कामासाठी आमगावला उतरलो. बाजाराचा दिवस होता. म्हातारा त्याच चिंचेखाली होता, अंगानं निम्मा झालेला. मी माझी ओळख सांगितली. बाई वारल्याचंही सांगितलं. त्यानं हातातलं माप खाली ठेवलं.

"बाईचं पोरगं गेलं होतं, मालूम हाये का तुमाले?" मग त्यानं विचारलं.

मला मालूम नव्हतं. इतकी वर्षं त्यांच्या घरी राहिलो, त्यांचा नाना तऱ्हेचा अनोळखी माणूस झालो, पण हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं.

"लहान होतं. त्याच दवाखान्यात गेलं म्हने. बाईनं देवासंगं बोलनं सोडून देल्लं. एक दिवस सांजच्याला पायरीवर बसली होती, तं कोनीतरी बाजूले येऊन बसलं असं वाटलं तिले. डोऱ्यानं दिसलं नाही. पन मालूम झालं म्हने, हा तोच, तिचा देव. मी पुसलो, मंग पोरगं वापस आलं का? नाही म्हने. मंग तो काऊन आला? तं बाई म्हने, बसाले आला."

"तुम्हाला पटलं ते?" मी विचारलं.

म्हाताऱ्यानं डाळीतून हात फिरवला.

"पटाचं काई सांगता येत नाही, बाबूजी. आमचा देव आमाले हाये. पन मागच्या साली माही बुढी गेली. आता सांजच्याला आंगनात खाट टाकतो, अन् बाजूले थोडी जागा सोडून बसतो."