बिस्किटांच्या डब्यातल्या गोळ्या

प्रयोगशाळेत लघवी, थुंकी, पू असलं सगळं हाताळून तिला अठरा वर्षं झाली, पण त्यांची किळस कधी वाटली नाही. किळस वाटायची ती माणसांची. नाक गळायला लागलं की दुकानातून अँटिबायोटिक आणून गिळणारी, बरं वाटलं की उरलेलं पाकीट जपून ठेवणारी माणसं. सर्दी विषाणूंची, ती या गोळ्यांना भीक घालत नाही, आली तशी आपली जाते, हे प्रयोगशाळेच्या खिडकीपलीकडच्या प्रत्येकाला सांगून तिची जीभ झिजली होती. "मग गुण कसा येतो?" असं कुणी विचारलं, की ती म्हणायची, "चार दिवस कॅलेंडर चघळलं असतंत, तरी आला असता."

घरात या जमातीचे म्होरके म्हणजे तिचे थोरले दीर. कपाटावर बिस्किटांचा जुना डबा, त्यात घरभराच्या उरलेल्या गोळ्या, आणि भाऊजी त्या डब्याचे डॉक्टर. जिवाणू वेगळे, विषाणू वेगळे, हे तिने त्यांना दहादा सांगितलं. "जंतू तो जंतू," म्हणत ते झाकण उघडत. मग तिने त्यांच्यावर तोंड वाजवणंच सोडलं. ओठ मुडपून बघायची नुसती, पण असं की त्यांना ते झोंबावं.

अशात सासूबाईंना लघवीला जळजळ सुरू झाली. भाऊजींनी परस्पर डब्यातल्या गोळ्या चारल्या. दोन दिवसांत हुडहुडी भरून ताप चढला, म्हातारी बरळायला लागली, तेव्हा कुठे इस्पितळ गाठलं. लघवीचा नमुना तपासायला तिच्याच टेबलावर आला.

जंतू वाढवलेल्या काचेच्या बशीत निरनिराळ्या औषधांच्या चकत्या ठेवतात. औषध लागू पडणारं असलं तर चकतीभोवती जंतू वाढत नाहीत, स्वच्छ गोल दिसतो. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने बशी उजेडात धरली. आठ चकत्या, आणि सातांना अगदी चिकटून जंतू माजलेले. गोल एकच, आणि ते औषधही सुईने द्यायचं, रोज एक, सात दिवस. अर्धवट आणि नको तेव्हा घेतलेल्या गोळ्यांनी जंतू असे निर्ढावतात, हे ती जाणून होती; ओठांवर शिव्या आल्या त्या भाऊजींसाठी.

दुपारी घरी येताच तिने डबा जमिनीवर उपडा केला. एकेक पाकीट भाऊजींच्या तोंडावर मारायचं तिने ठरवलं होतं. तळातून चार गोळ्यांचं पाकीट निघालं. वर पेनाने लिहिलेलं: सासूबाई, लघवी. अक्षर तिचंच. गेल्या वर्षी रोज एक अशा सात गोळ्या होत्या. तीन दिवसांत जळजळ थांबली, सासूबाई "बास आता" म्हणाल्या, आणि जगाला अक्कल शिकवणाऱ्या या बाईने उरलेल्या गोळ्या पुढेमागे लागतील म्हणून डब्यात टाकल्या. वर नावही घातलं, नीटनेटकं.

चौथ्या सुईनंतर सासूबाई माणसं ओळखू लागल्या. भाऊजी खाटेशी बसून म्हणाले, "ताप गेला ना आता? मग आईला आणखी कशाला टोचताय?"

तिने पर्समधून पाकीट काढून त्यांच्या हातात दिलं. "मागच्या वेळी मीही असंच केलं होतं. आणखी तीन सुया आहेत, त्या सगळ्या घ्यायच्या."

भाऊजींनी चष्मा लावून अक्षर वाचलं. मग ओठ मुडपून तिच्याकडे बघितलं, अगदी तिच्यासारखंच.

"मला कळत नव्हतं," ते म्हणाले. "तुला तर कळत होतं."