निगेटिव्हवरचा तारा

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. काल अंधार पडताच गच्चीवर नवी भिंगाची दुर्बीण लावली आणि तिला जोडलेल्या कॅमेऱ्याला पाच मिनिटांचं एक्सपोजर दिलं. लॅपटॉपवर दीर्घिकेचा फिकट पुंजका उमटला, आणि त्याच्या कडेला नकाशात नसलेला एक ठिपका. नवा तारा की नुसता दोष? खात्रीसाठी दुसरा फोटो घेतला. त्यात ठिपका नव्हता.

पूर्वी, फिल्मच्या काळात, वसंताला मी एवढाही वेळ दिला नव्हता. तो आमच्या आकाशदर्शन मंडळातला, आणि तिथे फोटो तपासायचं काम माझ्याकडे होतं. एकदा तो ओली निगेटिव्ह घेऊन माझ्या घरी धावत आला.

"नाना, हा तारा नकाशात नाही हो!"

"तारा कसला? आधी फिल्म नीट धुवायला शीक."

तो ओशाळून हसला. आठवड्याने तोच तारा परदेशात कुणाला तरी सापडल्याची बातमी आली. वसंता म्हणाला, तो त्यानं मला आधीच दाखवला होता. मंडळात विचारणा झाली, तेव्हा मी सांगितलं, वसंतानं मला काही दाखवलंच नव्हतं. माणसाच्या शब्दाचा दुसरा फोटो कुणी काढत नाही. माझाच शब्द खरा धरला गेला.

त्यानं दाखवला होता. सगळ्यांच्या आधी.

गेल्या वर्षी तो अंथरुणाला खिळल्याचं कळलं, म्हणून भेटायला गेलो. त्यानं विचारलं, "नाना, तुम्ही तसं का सांगितलंत हो?"

मी त्याचं पांघरूण सारखं केलं. "बोलू नकोस, दम लागेल," म्हणालो. चार दिवसांनी तो गेला. "वसंता, माझं चुकलं," एवढंच म्हणायला गेलो होतो.