रंगवलेला ट्रेलर

पूर्णेकाठच्या आमच्या गावात पुराच्या वेळी लागणारी एक बोट आहे आणि ती नदीपर्यंत नेणारा दोन चाकांचा ट्रेलर. बचाव पथकाचे अध्यक्ष उकंडराव, आणि कामं सगळी त्यांच्या पुतण्याची, अविनाशची. अविनाश वांगी-टमाटे पिकवतो. दुसरं कोणी करत नाही म्हणून बोटीचं काम त्याच्या गळ्यात पडलं.

त्याचा जीव खायचा तो ट्रेलर. सरावाला घाटावर पोचले की लोक तापलेली चाकं तशीच नदीत लोटायचे. "जरा थंड होऊ द्या, बेरिंगमंधी पाणी ओढल्या जाते," हे सांगून अविनाशचा घसा बसला होता. एरवी त्याच ट्रेलरवरून कोणी कांद्याची पोती न्यायचं, कोणी लग्नाचा जनरेटर. विचारलं की उत्तर ठरलेलं, "चाकं तं फिरून राह्यले ना?"

गणपती विसर्जनाला बोट घाटावर उभी ठेवायची होती. अविनाश भाजी विकून बाजारातून परतला, तर ट्रेलर लालभडक. बाजूला पथकाचं नाव, त्याखाली मोठ्या अक्षरांत अध्यक्षांचं.

"कसा दिसते बे?" उकंडरावांनी विचारलं.

"काकाजी, रंगवायच्या आधी गंज काढला का?"

"रंगाखाली गंज दिसते कुठी?"

अविनाशने कपाळाला हात लावला. जॅक लावून चाक उचललं आणि हलवून पाहिलं. खटखट वाजलं. फिरवलं, तर आतून खरखर. चाकाच्या मधलं, हबचं झाकण काढलं, तर पाणी मिसळून ग्रीस दह्यासारखं पांढरं झालेलं. मग स्प्रिंगच्या पाट्याजवळ, जिथे एक्सल बोल्टांनी आवळलेला असतो, तिथे त्याने तारेचा ब्रश चालवला.

"अबे, रंग ओला हाये!" उकंडराव ओरडले.

रंगासोबत गंजाचा पापुद्रा सुटला. त्याखाली एक बारीक चीर होती, एक्सलच्या पार खालपर्यंत गेलेली.

"एवढुशी तं हाये. हळू नेऊ," उकंडराव म्हणाले.

"वर बोट, इंजिन, अन् त्याच्यावर लोकं बसतेत. उतारावर तुटला म्हंजे?"

"तुले हर गोष्टीत खोटच दिसते."

शेवटी अविनाशने चार जण बोलावून बोट खाली उतरवून घेतली. रिकामा ट्रेलर वडनेर भोलजीच्या वेल्डरकडे न्यायचं ठरलं. ट्रॅक्टर उकंडरावांचा, म्हणून चालवायलाही तेच बसले. मागून अविनाश मोटरसायकलवर.

"हळू घ्या!" तो ओरडत होता. गावाबाहेरच्या गतिरोधकावर उकंडरावांनी वेग कमी केलाच नाही. कडाड आवाज झाला. एक्सल तुटून ट्रेलर रस्त्यावर घासत गेला आणि सुटलेलं चाक थेट तिथेच रस्त्याकडेला राहणाऱ्या झुंबरबाईच्या अंगणात शिरून, वाळत घातलेल्या मुगात आडवं झालं.

"मरून गेली असती ना मी!" झुंबरबाईने हातातलं सूप आपटलं आणि समोर सापडला म्हणून अविनाशलाच फैलावर घेतलं. "तुमाले गाडी सांभाळता येत नाई, अन् लोकाईले वाचवाले निंगाले!"

उकंडराव खाली उतरले. "तू खरवडला म्हणून कमजोर झाला थो," ते म्हणाले.

अविनाश ट्रेलरपाशी उकिडवा बसला आणि एक्सलच्या तुटलेल्या टोकावरची धूळ पुसू लागला. उकंडरावांनी वाकून तुटलेल्या लोखंडाकडे पाहिलं. आत निम्म्याहून जास्त काळा गंज होता, तुटल्याची नवी चकाकी जेमतेम कडेला.

"बोट असती तं..." ते म्हणाले, आणि झुंबरबाईच्या अंगणात जाऊन, मोठ्या कष्टाने खाली बसून मूग गोळा करू लागले.

नवा एक्सल बसला, बेरिंगं बदलली. विसर्जन सुखरूप पार पडलं. बोटीची गरजच पडली नाही. "मंग एवढी दगदग काऊन केली?" असं निम्म्या गावाने अविनाशला विचारलं.

त्याने चाकं स्वच्छ पाण्याने धुतली, ग्रीस भरलं आणि ट्रेलरला साखळी घालून कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उकंडराव शेतात पाईप न्यायला ट्रेलर मागत आले.

"चाबी कोणापाशी हाये?"

"माह्यापाशी."

"मी अध्यक्ष हावो ना बे!"

"हाव. म्हणून तं तुमाले पयले सांगतो. भेटणार नाई."

उकंडरावांनी कुलूप एकदा ओढून पाहिलं. मग पुटपुटत पाईपसाठी बैलगाडी शोधायला निघाले.